सोळा ढालींची पाटी

मारियनहोर्स्ट, ३ मार्च १७७८

श्रीयुत बॅरन एंगेलबर्ट फोन ड्रेवरहागन यांस,

आपलं पत्र पोचलं. बावीस वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र आलं म्हणून आधी वाटलं, घरात कोणी तरी गेलं असेल. फोडून पाहिलं तर सगळे धडधाकट आहेत, फक्त काम निघालं आहे. आईच्या मयताच्या वेळी लिहिलं होतंत, तेव्हा निदान आई तरी मेली होती.

'प्रिय भगिनी' अशी सुरुवात केली आहेस. (आले मी 'तू'वर. 'आपण-तुम्ही' मला फार वेळ झेपणार नाही. बाहीला नाक पुसताना पाहिलंय मी तुला.) तर प्रिय भगिनीनं काय करायचं? तुझी लेक लुडोविका हिचं नाव आमच्या मठात दाखल व्हायला हवं आणि मी इथली दप्तरदारीण असल्यानं तिचे कागद 'बिनबोभाट' पुढे सरकवायचे.

एंगेलबर्ट, तुला नियम माहीत आहेत, पण वय झालं तुझं, पुन्हा सांगते. मुलीचे चार पिढ्यांमागचे सोळा पूर्वज, आठ बापाकडून आणि आठ आईकडून, सोळाच्या सोळा जन्मानं कुलीन असले पाहिजेत. त्यांच्या घराण्यांची चिन्हं असलेल्या सोळा ढाली रंगवलेली पाटी हवी. प्रत्येक ढालीमागे अस्सल दाखले हवेत. मग दोन सरदारांनी तलवारीवर हात ठेवून शपथ घ्यायची की हे सगळं खरं आहे. एक ढाल डगमगली तरी पोरगी दाराबाहेर. गेल्या एकोणीस वर्षांत मी अकरा पोरींना दाराबाहेर काढलं आहे. एकीचा खापरपणजोबा कोलोनचा दारूचा व्यापारी निघाला. ती माझ्या पायाशी बसून हुंदके देत होती. मी तिला रुमाल दिला आणि तिची पाटी तिच्या काखेत दिली.

तेव्हा बिनबोभाट वगैरे काही होणार नाही. इतरांचं तपासते तसंच तुझं तपासीन.

शेवटी तू लिहिलं आहेस, 'मुलीची स्वतःचीच तशी इच्छा आहे.' हे वाचून मला हसू आलं. शेजारी सोफी फोन रामेल विणत बसली होती, ती म्हणाली, "काय गं, प्रेमपत्र आलं की काय म्हातारपणी?" माझ्या अर्जातसुद्धा हेच वाक्य होतं, तुझ्याच अक्षरात. मी तेव्हा वरच्या खोलीत कोंडलेली होते आणि तीन दिवस जेवले नव्हते. वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि चोवीस वर्षांचा तू घराचा मालक झाला होतास. मला मागणी घालणाऱ्या डॉक्टर टिम्पेला घालवून दिलंस त्याला आठवडा उलटला होता. भर दिवाणखान्यात, मित्रांसमोर तू त्याला म्हणालास, "टिम्पे, माणूस तुम्ही चांगले आहात. पण तुमच्या पोरांना सोळा ढाली कुठून आणणार? तुमच्याकडे तर एकच बस्तीची पिचकारी आहे." तुझे मित्र किती हसले होते. मी जिन्यात उभी होते.

कागद पाठव. मुलीलाही पाठव. शपथेच्या दिवसापर्यंत उमेदवार मुलीनं इथंच राहायचं, ही आमची चाल आहे. माझ्याकडे राहील.

कागदोपत्री तुझी बहीण,
ओटिलिए


मारियनहोर्स्ट, २२ मार्च १७७८

एंगेलबर्ट,

मुलगी पोचली. कागदांची पेटी अजून नाही. तुझा कारभारी म्हणतो रस्त्यात चिखल आहे. मुलीला चिखल लागला नाही, कागदांना लागतो.

नाक आपल्या आईचं आहे तिचं, आणि चालणंही. एवढं सांगून ठेवते, कारण तुझ्या लक्षात आलं नसेल. एकोणीस वर्षांची आहे आणि पन्नाशीच्या बाईसारखी गप्प. पहिल्या दिवशी काळा पाव आणि खारवलेला मासा पुढे ठेवला, तर खाली मान घालून सगळं संपवलं, आवडलं की नाही कळायला मार्ग नाही. सोफीनं तिला हसवायचा चंग बांधला. "बाळ, इथं तीनच विषय," ती म्हणाली, "गुडघे, मटार आणि मेलेली माणसं. त्यातलं तुला काय येतं?" लुडोविका म्हणाली, "मला मटार सोलता येतात." सगळ्या हसल्या. तीसुद्धा जराशी हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाहते आहे, ती बागेच्या भिंतीकडेनं फिरत असते. भिंत किती उंच आहे ते बघते. दरवाजापाशी उभी राहते. परवा मला विचारलं, "आत्या, इथं आत यायला बाबांनासुद्धा परवानगी लागते?"

"लागते. बिशप आला तरी लागते."

"आणि इथून कोणी कोणाला न्यायचं म्हटलं तर?"

"एकदा नाव लागलं की मरेपर्यंत जागा आपली. आम्ही काही नन नाही, लग्न करायचं असेल तर बाई स्वतः जागा सोडून जाऊ शकते. पण दुसरं कोणी तिला काढू शकत नाही."

यावर तिचे डोळे भरून आले. तोंड फिरवून ती मटारांच्या वाफ्याकडे निघून गेली.

एंगेलबर्ट, ते डोळे मी ओळखते. मीसुद्धा पहिल्या वसंतात ही भिंत अशीच बोटांनी मोजली होती. कोणी येईल, न्यायला येईल, अशी वेडी आशा होती, आणि जेव्हा कळलं की इथं कोणी येऊ शकत नाही तेव्हा मीही त्याच वाफ्याकडे गेले होते. तुझ्या मुलीचं कोणावर मन आहे, तो कोण, हे मी तिला विचारलं नाही. विचारून तिच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? घरातल्या मुलीला ठेवून द्यायला जागा हवी म्हणून तू तिला इथं पाठवलंस, हे आंधळ्यालाही दिसेल. तुझी एक बहीण पुरली नाही तुला.

तुझा चाळीस दिवसांचा मांसबंदीचा उपवास चालू असेलच. पाठीचं दुखणं कसं आहे, ते विचारत नाही.

ओटिलिए


मारियनहोर्स्ट, ७ एप्रिल १७७८

एंगेलबर्ट,

हे पत्र मी आज टपालात टाकणार नाही. शपथेचा दिवस उलटला की पुढच्या पत्राबरोबर पाठवीन. आज पाठवलं तर तू घोडा दामटत येशील आणि पेटी परत घेऊन जाशील.

पेटी चार दिवसांपूर्वी आली. नियमानं सगळे मूळ कागद पाठवावे लागतात, नकला चालत नाहीत. तुझ्या कारभाऱ्यानं हुकूम तंतोतंत पाळला. कपाटातलं पुडकंच्या पुडकं उचलून पेटीत घातलं, उघडून पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं तू घरची माणसं नीट पारखली असतीस तर निदान एक तरी डोळस माणूस ठेवला असतास.

तुझ्या बायकोकडच्या आठ ढाली चोख आहेत. आपल्याकडच्या सात चोख आहेत. आठवी, आपली पणजी, म्हणजे लुडोविकाची खापरपणजी. पाटीवर लिहिलंय, 'आन्ना फोन वाल्डेनॉय, जन्म १६५२. दाखला स्वीडिश सैन्यानं जाळला.' लहानपणापासून आपण हे ऐकत आलो. आजी सांगायची तेव्हा मी त्या स्वीडिश लोकांना मनातल्या मनात शिव्या द्यायचे. एकोणीस वर्षं इतरांचे कागद तपासले, पण स्वतःच्या घरची पेटी कधी उघडली नव्हती. त्याचं काही कारणच नव्हतं. या वेळी मी बोटावर वर्षं मोजली. त्या युद्धाचा तह झाला सोळाशे अठ्ठेचाळीस साली. स्वीडिश लोक पन्नास साली परत गेले. बाई जन्मली बावन्न साली. न जन्मलेल्या पोरीचा दाखला त्यांनी जाळला कसा, हे आपल्या घराण्यात सव्वाशे वर्षं कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

मग मी पुडकं शेवटपर्यंत सोडलं. तळाशी एक कागद होता, हेल्लिंगडॉर्फच्या पाद्र्यानं त्याच्या वहीतून उतरवून दिलेला. 'आन्ना, गिरणीवाला योस्ट याची मुलगी. पुढे हिचं लग्न ड्रेवरहागनच्या बॅरनशी झालं.' आणि कागदाच्या कडेला तुझं अक्षर, 'हे कोणाच्याही दृष्टीस पडू नये.' खाली तारीख, ३ मे १७४७.

टिम्पेला तू जून महिन्यात हाकललंस. सत्तेचाळीसच्याच.

मी तो कागद हातात धरून खिडकीपाशी बसले होते. सोफी आली, म्हणाली, "ओठ पांढरे पडलेत तुझे, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, दाढ दुखते." ती लवंग आणायला गेली. मी ती लवंग चावत बसले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

तुला माहीत होतं. गिरणीवाल्याच्या पोरीचं रक्त तुझ्याही अंगात आहे, माझ्याही, हे तुला महिनाभर आधी कळलं होतं, आणि तरी तू त्या भल्या माणसाला सगळ्यांदेखत सोळा ढाली विचारल्यास. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं होतंस, चला टिम्पे, आपण दोघंही एकाच पिठाचे, या घरात. निदान नुसतं गप्प बसायचं होतंस. मी आज टिम्पेच्या गावी, कोएसफेल्डमध्ये नातवंडांची नाकं पुसत बसले असते. त्याऐवजी मी इथं बसून दुसऱ्यांच्या खापरपणज्या तपासते. टिम्पेला जाऊन नऊ वर्षं झाली. औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं होतं त्यानं, असं ऐकते.

मी इथं आले तेव्हाची दप्तरदारीण अर्धी आंधळी होती, आणि तू तिला रानडुकराची मांडी पाठवली होतीस. सगळ्या गोष्टी आता जुळतात.

आता तुझी मुलगी. पाटी फेटाळली गेली की मठाचं दार तिला बंद, इथलंच नाही, वेस्टफालियातल्या सगळ्या मठांचं. मग तुला तिला घरी न्यावं लागेल, आणि तिचं मन ज्याच्यावर आहे त्याला 'सोळा ढाली कुठून आणणार' म्हणून विचारायला तुला तोंड राहणार नाही. याची किंमत मला माहीत आहे. माझ्या स्वतःच्या पाटीवर योस्ट आणि त्याची बायको दोघंही बसले आहेत, वाल्डेनॉयच्या नावानं. कागद पुढे आला की माझी जागाही गेली. एकतीस वर्षं राहिले त्या दोन खोल्या, ती चूल, मटारांचा वाफा. जाऊ दे. एका तरी मुलीला या भिंतीतून बाहेर काढून जाईन.

तो कागद मी चार वेळा वाचला. त्या आन्नाला मी कधी पाहिलं नाही, पण आज पहिल्यांदा मला आपल्या घराण्यातलं कोणी तरी जवळचं वाटलं.

ओटिलिए


मारियनहोर्स्ट, २९ एप्रिल १७७८

एंगेलबर्ट,

काल झालं सगळं. सोबत सात तारखेचं पत्र जोडलं आहे, ते आधी वाच.

संधिवात उफाळल्यामुळे तुला येता आलं नाही, असं तुझ्या सरदारांनी सांगितलं. बरं झालं. सभागृहात आम्ही चौदा जणी, मधोमध मठस्वामिनी फेलिसिटास, भिंतीला टेकवून लुडोविकाची पाटी. रंग छान दिलेत हं, सोनं अजून ओलं वाटत होतं. मुलगी पांढऱ्या कपड्यांत उभी होती. दोन्ही सरदारांनी तलवारी काढून हात पुढे केले, आणि नियमानं फेलिसिटासनं विचारलं, "दप्तरदारीणबाई, कागदांत काही उणं आहे?" एकोणीस वर्षं हा प्रश्न ऐकते मी.

मी उठले. म्हटलं, "आहे. आठवी ढाल खोटी आहे. आन्ना फोन वाल्डेनॉय नावाची कोणी बाई नव्हती. ती हेल्लिंगडॉर्फच्या गिरणीवाल्याची मुलगी. हा दाखला, आणि ही माझ्या भावाची टीप."

थोरल्या सरदारानं तलवारीवरचा हात असा झटकन मागे घेतला की जणू चटका बसला असावा. धाकटा म्हणाला, "बाई, ही तर तुमचीही पणजी."

"मला पिढ्या मोजता येतात," मी म्हटलं.

फेलिसिटास उठून माझ्याजवळ आली, अगदी कानाशी. "ओटिलिए, खाली बस. डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तब्येत बरी नाही म्हण. दोन तास थांबवते मी सभा."

"माझी तब्येत उत्तम आहे."

"मूर्ख आहेस तू," ती दात आवळून म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मी एका मतानं निवडून आले. ते मत तुझं होतं."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण मागे फिरायला उशीर झाला होता. कागद सगळ्यांच्या हातातून फिरला. तुझं अक्षर सगळ्यांनी वाचलं. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. प्रकरण म्युन्स्टरला बिशपच्या न्यायासनापुढे जाणार, निकाल लागेपर्यंत सहा आठवडे, तोवर दप्तराची किल्ली माझ्याकडून काढून घेतली आहे.

संध्याकाळी फेलिसिटास माझ्या खोलीत आली, हातात मसुदा घेऊन. म्हणाली, "तो दाखला तू स्वतः बनवलास असं लिहून दे. तू कुलीन नाहीस असं ठरून तुझं मत बाद झालं तर माझी खुर्ची जाते, माझी खुर्ची गेली तर मी दिलेल्या सगळ्या जागा जातात. हेल्लिंगडॉर्फला जाऊन वही उघडायची कोणाला हौस नाही. तू खोटी ठरलीस तर बाकी सगळं खरं राहील." मी तिला दार दाखवलं. एवढी हलकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मुलगी सभेतून निघाली ती थेट खोलीत गेली आणि आतून कडी लावली. जेवली नाही. धक्का बसला असणार, सुटकेचासुद्धा बसतो. दोन दिवसांत उठेल. मग तुझी गाडी पाठव, आणि गाडीबरोबर तिला हवं ते उत्तरही पाठव. तुझ्या लेकीला मी मोकळं केलं आहे.

ओटिलिए


मारियनहोर्स्ट, ११ मे १७७८

दादा,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी काल आली. 'हाक्सबेर्गशी बोलणी पक्की झाली. मुलीला गुरुवारी पाठव.' माझ्याविषयी एक शब्द नाही, शिवीसुद्धा नाही.

हाक्सबेर्ग कोण, मला माहीत नव्हतं. मी चिठ्ठी लुडोविकाला वाचून दाखवली. मला वाटलं, हाच तो, ज्याच्यावर मन आहे. मी हसत वाचली रे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बारा दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आत्या, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"काय विचारायचं?"

"काहीही. सहा आठवडे मी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसले होते. तुम्ही माझ्याशी गुडघ्यांबद्दल बोललात, आन्ना फोन अमकी आणि तमकीबद्दल बोललात. माझ्या आईच्या आजीच्या सासूचं लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं हे तुम्हाला माहीत आहे. मला काय हवं ते माहीत नाही."

मग तिनं सांगितलं. तुला ठाऊकच आहे, पण मी लिहिते, म्हणजे मला कळलं आहे हे तुला कळेल. हाक्सबेर्ग त्रेसष्ट वर्षांचा आहे. तीन बायका पुरून झाल्या, तिसरी गेली तेव्हा विशीत होती. गेल्या वर्षीच्या कार्निव्हलला नाचताना त्यानं लुडोविकाच्या दंडाला चिमटा काढला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही टिकेल." त्याला मुलगे आहेत, त्याला ढाली नकोत, काहीच नको, फक्त नवी बाई हवी. मुलगी वर्षभर तुझ्या हातापाया पडत होती. आणि तू ऐकलंस.

हे मला दोनदा विचारावं लागलं. मी म्हटलं, "बाबांनी ऐकलं?"

"ऐकलं. त्यांनी आयुष्यात एकदाच माझं ऐकलं. म्हणाले, जा, तुझी आत्या आहे तिथं, त्यांनी घेतलं तर हाक्सबेर्गला मी नाही म्हणून कळवतो. नाही घेतलं तर माझा इलाज नाही, शब्द देऊन बसलोय. मी तीन महिने देवाला एकच मागत होते, की इथलं दार मला उघडू दे. भिंत पाहिली तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. तुम्ही सांगितलंत की इथून कोणी कोणाला नेऊ शकत नाही, तेव्हा मी वाफ्यात बसून आनंदानं रडले." आणि मग म्हणाली, "तुम्ही मला सोडवलंत म्हणे. कशातून सोडवलंत?"

दादा, मुलीची स्वतःचीच इच्छा आहे, असं तू लिहिलं होतंस आणि ते खरं होतं. तुझ्या हातून एक खरं वाक्य लिहिलं गेलं आणि मी त्याला हसले. तू माझ्या बाबतीत तेच वाक्य खोटं लिहिलं नसतंस तर मी या वेळी विश्वास ठेवला असता, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी तुला माफ करणार नाही. पण ती पोर माझ्या समोर होती. तोंड होतं तिला. मी एकदा विचारलं असतं तर पुरे होतं. मी तिच्या जागी मला बसवलं आणि स्वतःचा सूड उगवून घेतला. तिला वाचवलं वगैरे मी तुला लिहिलं, ते फाडून टाक. मला लाज वाटते.

सोफीला सांगितलं, तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "आपल्यात बाईला विचारायची पद्धतच नाही गं. आपण दाखले बघतो."

मी आज सकाळी फेलिसिटासकडे गेले. तिला बोलू दिलं नाही, म्हटलं, मसुदा दे. न्यायासनाचा निकाल यायला अजून अवकाश आहे. दाखला मी बनवला असं शपथेवर लिहून दिलं आणि घराण्याचा प्रमुख म्हणून तू खाली लिहिलंस की तो कागद तुझ्या पेटीतला नाही, कडेची टीप तुझ्या हातची नाही, तर पाटी पुन्हा सरळ होते. ती म्हणाली, सही आली की शपथ त्याच दिवशी घेऊ, दोन्ही सरदार तयार आहेत. लुडोविकाचं नाव लागेल. खोटा कागद केल्याबद्दल मला जागा सोडावी लागेल, हेही तिनं सांगितलं. माझ्या दोन खोल्या लुडोविकाला मिळतील. चूल धुरकटते, तिला सांगून ठेवलं आहे.

तुझ्या घरी मी येणार नाही, घाबरू नकोस. कोएसफेल्डला सोफीच्या नात्यातली एक विधवा आहे, ती मला माडीवरची खोली देते. टिम्पेच्याच गल्लीत आहे म्हणे. त्याची लेक आता तिथं औषधं विकते. तिच्या दुकानात जायचं की नाही, ते गुडघे ठरवतील.

तुझ्याकडे मी आजवर कधी काही मागितलं नाही. एकदा मागितलं होतं, तेव्हाचं तुझं उत्तर आठवतंय. आता मागते. हाक्सबेर्गला नाही म्हणून कळव. शब्द मोडल्याची तुला लाज वाटेल, वाटू दे, मला त्याहून मोठी वाटते आहे. मसुदा सोबत पाठवते. माझ्या हातानं लिहिला आहे, शेवटची दोन वाक्यं फेलिसिटासनं सांगितली नव्हती, ती मीच घातली, नाही तर राग कशाचा हे न्यायासनाला पटणार नाही.

'मी, ओटिलिए फोन ड्रेवरहागन, शपथेवर सांगते की माझी पणजी आन्ना फोन वाल्डेनॉय ही जन्मानं कुलीन होती. गिरणीवाल्याच्या मुलीचा दाखला आणि त्यावरची टीप मी स्वतः, भावाच्या द्वेषापोटी तयार केली. माझ्या भावानं सन १७४७ मध्ये डॉक्टर टिम्पे यांची मागणी नाकारली, याचा हा द्वेष होता. माझ्या भावाचा नकार आमच्या घराण्याच्या इभ्रतीला धरून होता आणि तो योग्यच होता.'

खाली माझी सही केली आहे. डावीकडे तुझ्या सहीला जागा सोडली आहे. गाडीवाला उत्तर घेऊनच परत येईल, लवकर कर, पोरगी त्याची वाट बघत दारात उभी आहे.

ओटिलिए